आजोळच्या तुळईतून इलेक्ट्रिक गिटार होईल का?

प्रश्न थोडक्यात असा: "काका, पंचवटीतला आमच्या आजोळचा वाडा या उन्हाळ्यात उतरवला. त्यातल्या एका सागवानी तुळईचा साडेचार फुटांचा तुकडा मी घरी आणून ठेवलाय. आठ इंच रुंद, सहा इंच जाड. मला घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवायची आहे. मित्र म्हणतो, सागवानाला टोन नसतो, बॉडीला पर्पलहार्ट आणि नेकला वेंगे ही परदेशी लाकडं बाहेरून मागव. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, छोटी बाल्कनी आहे, ड्रिल आणि जिगसॉ आहे. होईल का? फेब्रुवारीत कॉलेजचं गॅदरिंग आहे, तोपर्यंत वाजवता येईल का?"

होईल. तुळई कुणाला देऊ नकोस आणि परदेशी लाकडाची ऑर्डर आज तरी देऊ नकोस. मी सातपूरला पॅटर्न शॉपमध्ये ओतकामाचे लाकडी साचे करण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि गेली वीसेक वर्षं घरी गिटारी करतोय. पर्पलहार्ट आणि वेंगे, दोन्हींवर हात चालवलाय. दोन्ही सुंदर लाकडं आहेत. पण तुझ्या पहिल्या गिटारीचं यश त्यांच्यावर अजिबात अवलंबून नाही. ते दोन गोष्टींवर आहे: लाकूड किती वाळलंय आणि नेक, म्हणजे गिटारीची लांब मान, किती सरळ राहते.

आधी टोनचं बघू. इलेक्ट्रिक गिटारीचा पिकअप लाकडाचा आवाज ऐकत नाही. त्याच्या चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलते आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. लाकूड फक्त तारेचं कंपन किती टिकतं, कुठे शोषलं जातं, एवढ्यापुरतं त्यात येतं, आणि तिथेही बॉडीपेक्षा नेकचा ताठपणा आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) किती घट्ट बसलाय हे मोठं असतं. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी 1940 च्या सुमारास पाइनच्या चार बाय चार इंची ओंडक्यावर तारा ताणून 'लॉग' तयार केला होता. 1969 मध्ये अँपेग या अमेरिकन कंपनीने चक्क पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या बॉडीची गिटार विकली. दोन्ही वाजल्या. तुला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे 'क्वीन' बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांची 'रेड स्पेशल'. 1963 मध्ये ब्रायन आणि त्यांच्या वडिलांनी ती घरीच करायला घेतली. तिची नेक शेकोटीच्या जुन्या महोगनी चौकटीतून काढली, तिच्यातली किडीची भोकं आगकाडीच्या काड्यांनी बुजवली, ट्रेमोलोला (सूर हलवायच्या दांडीला) मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा लावल्या. दोनेक वर्षं लागली. तीच गिटार पुढे ते आयुष्यभर वाजवत आले. तेव्हा घर उतरवून आलेल्या लाकडाची लाज वाटायचं कारण नाही.

आता वजनाचा हिशोब कर, कारण टोनपेक्षा तो तुझ्या खांद्याला जास्त जाणवेल. 45 मिलिमीटर जाडीची नेहमीची बॉडी, पोकळ्या कोरल्यावर, साधारण सव्वाचार लिटर लाकडाची होते. सागवान लिटरला सुमारे 650 ग्रॅम भरतं, म्हणजे बॉडी पावणेतीन किलोची. शिसव 850 च्या आसपास, म्हणजे साडेतीन किलोच्या पुढे. पर्पलहार्ट 900 च्या घरात, म्हणजे पावणेचार किलो. यात नेक, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), ब्रिज मिळून आणखी दीड-पावणेदोन किलो धर. पर्पलहार्टची अख्खी बॉडी केलीस तर साडेपाच किलोची गिटार गळ्यात अडकवून तासभर उभं राहावं लागेल. सागवानाची बॉडी 40 मिलिमीटरवर आणलीस तर सगळी मिळून चार किलोच्या आसपास बसते. ते ठीक आहे.

नेकच्या बाबतीत तर सागवानाची बाजू आणखी भक्कम आहे. वाकण्याला विरोध करण्याची त्याची ताकद हार्ड मेपलच्या अगदी जवळ जाते आणि महोगनीपेक्षा जास्त भरते. शिवाय हवेतला ओलावा बदलला तरी ते फार फुगत-आकसत नाही. जहाजांची डेक उगाच सागवानाची करत नाहीत. मेपल आपल्याकडे होत नाही, म्हणून आपल्याकडे नेकचं लाकूडच नाही असं मुलं समजतात, याचं मला वाईट वाटतं. मिरजेचे कारागीर पिढ्यानपिढ्या सतार आणि तंबोरे तुनाच्या लाकडातून करतात. 2024 मध्ये त्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तून हा महोगनीच्याच कुळातला. हलका, कोरायला मऊ, बॉडीसाठी उत्तम. शिवण त्याहून सरळ वागणारं लाकूड. फणसाच्या खोडातून तर दक्षिणेत अख्खी वीणा कोरतात. आणि ज्या काळ्या एबनीसाठी लोक परदेशात पैसे मोजतात, तिच्याच कुळातली टेंभुर्णी आपल्या सुरगाणा-पेठच्या जंगलात आहे. तिचा काळा गाभा मात्र लहान निघतो आणि वाळताना चिरतो, म्हणून तिच्या नादी लागू नकोस.

फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकवर जिथे बोटं दाबतात त्या फळीला, शिसव घे. वखारीतून घेताना पक्कं बिल घे. सागवान आणि शिसव या दोन्हींच्या तोडीवर आणि वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत, त्यामुळे ओळखीतून आलेला, कागद नसलेला ताजा ओंडका कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणायचा नाही. ब्राझीलचं शिसव सोडून (त्यावर आधीपासून जास्त कडक बंधन आहे) शिसवाच्या सगळ्या जाती जानेवारी 2017 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली, पण नुसती फळी देशाबाहेर पाठवायची तर कागदपत्रं लागतात.

आता तुळई. हे काम घाईने करायचं नाही. आधी ती ब्रशने झाडून घे, चुन्याचे आणि मातीचे पापुद्रे काढ. मग स्पीकरमधलं एखादं जुनं जाड चुंबक दोऱ्याला बांधून तुळईच्या चारही अंगांवरून, बोटभर अंतर ठेवून, सावकाश फिरव. जिथे दोरा ओढला जाईल तिथे खडूने फुली मार. माझ्याकडे आलेल्या एका तुकड्यात असे नऊ खिळे निघाले होते. त्यातले चार वरून दिसतही नव्हते, डोकी गंजून गळाली होती. लोखंड आणि सागवानातली टॅनिनसारखी द्रव्यं यांचा संबंध आला की भोवतीचं लाकूड काळं पडतं, त्यामुळे काळा ठिपका दिसला की तिथे पटाशीने थोडं टोकरून बघ. खिळे पकडीने सरळ ओढू नकोस, डोकं तुटतं. बाजूने बारीक ड्रिल मारून मोकळे कर. किडीची भोकंही बघ. भोकातून ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे, तो भाग कापून टाकायचा. भुकटी नसेल तर जुनी आहे, चालेल.

मग सॉ मिलवर जा. लाकूड वाड्याचं आहे हे तिथे आधीच सांग. पात्याला खिळा लागला तर पातं जातं आणि माणसालाही इजा होते, म्हणून बरेच जण जुनं लाकूड घेतच नाहीत. खडूच्या फुल्या आणि काढलेले खिळे दाखवलेस की तयार होतात. आठ इंच रुंदीच्या दोन फळ्या, 50 मिलिमीटर जाडीच्या, आणि उरलेली एक पातळ फळी असं काढून घे. एका फळीचे 52 सेंटिमीटरचे दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडलेस की बॉडीची रुंदी मिळाली. दुसरी फळी नेकसाठी. पातळ फळी चुकांसाठी, ती लागतेच.

आता श्रावण चालू आहे. आणलेल्या फळ्या बाल्कनीत नाही, खोलीत ठेव. जमिनीपासून वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून एकावर एक, वर वजन. टोकांना ऑइल पेंटचा हात मार म्हणजे टोकं आधी वाळून चिरणार नाहीत. लाकूड शंभर वर्षांचं असलं तरी वाडा उतरवल्यावर पहिल्या पावसात ते उघड्यावर पडलं असेल तर वरच्या थरात पाणी गेलेलं असतं. ओलावा मोजायचं यंत्र नसलं तरी चालेल. नेकची फळी दर रविवारी वजनकाट्यावर ठेव आणि आकडा पेन्सिलने फळीवरच लिही. सुरुवातीला उतरत जाईल. पावसाळ्यात मध्येच अडेल किंवा दहा-वीस ग्रॅमने चढेलही, तेव्हा घाबरू नकोस. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की परत उतरेल. लागोपाठ तीन रविवार तोच आकडा आला की फळी तयार.

हे मी इतकं ठासून का सांगतोय, तर माझी दुसरी गिटार. तिचा फ्रेटबोर्ड मी ऐन श्रावणात चिकटवला, फ्रेट (धातूचे आडवे पडदे) बसवले, टोकं कानशीने अशी साफ केली की बोट कुठे अडत नव्हतं. मार्चमध्ये ज्याच्यासाठी केली होती तो मुलगा ती परत घेऊन आला. खालच्या तारेच्या बाजूला तळहात फिरवला तर प्रत्येक फ्रेटचं टोक करवतीच्या दात्यासारखं लागत होतं. फ्रेट वाढले नव्हते, लाकूड आकसलं होतं. आपल्या नाशकात जुलै-ऑगस्टची दमट हवा आणि एप्रिल-मेची कोरडी हवा यांत केवढं अंतर आहे ते त्या नेकने मला शिकवलं. तेव्हापासून पावसाळ्यात मी फक्त कापतो, रचतो, रेखाटतो. चिकटवायचं काम दसऱ्यानंतर.

या दोन महिन्यांत ट्यूनर, ब्रिज, पिकअप, ट्रस रॉड (नेकच्या आत बसणारी, तिचा बाक काढायची सळई), फ्रेटची तार विकत घे. हे हातात आल्याशिवाय लाकडाला पोकळी पाडायची नाही, कारण माहितीत लिहिलेली मापं आणि आलेल्या वस्तूची मापं जुळतीलच असं नाही. आणि पूर्ण आकाराचं चित्र काढ, एकास एक. कागदावर चुकलेली रेघ खोडता येते.

नेकला मी तीन पट्ट्या सुचवीन: सागवान, मध्ये शिसवाची पातळ पट्टी, परत सागवान. पट्ट्या अशा उभ्या कर की टोकाला लाकडाच्या रेषा उभ्या दिसतील, आणि दोन सागवानी पट्ट्यांपैकी एक उलटी फिरव. एकीला डावीकडे पीळ घ्यावासा वाटला तर दुसरी तिला धरून ठेवते. पर्पलहार्टचा मोह होतच असेल तर मधल्या पट्टीला पाच मिलिमीटर वापर. मात्र तो जांभळा रंग उजेडात वर्षा-दोन वर्षांत तपकिरीकडे झुकतो. वेंगेचं कुसळ बोटात गेलं तर पिकतं, म्हणून ते उघड्या हाताने पुसायचं नाही.

सागवान चिकटवताना लोक फसतात. ते तेलकट आहे. रंधा मारून दोन दिवस ठेवलेल्या पृष्ठभागावर तेल येऊन बसतं आणि सांधा वर्षभराने उकलतो. ज्या दिवशी चिकटवायचं त्याच दिवशी रंधा मार, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पूस, फडकं पिवळसर यायचं थांबेपर्यंत पूस, आणि अर्ध्या तासाच्या आत गोंद लाव. बॉडीच्या सांध्याला सुतारकामाचा चांगला पांढरा गोंद पुरतो. नेकला मी हळू सुकणारा इपॉक्सी वापरतो, कारण पांढरा गोंद कायमच्या ताणाखाली किंचित सरकतो, आणि इथे ताण लहान नाही: 10 ते 46 च्या सेटच्या (जाडी हजारांश इंचात) सहा तारा मिळून नेकला रात्रंदिवस सुमारे 45 किलोने ओढतात. ट्रस रॉडची खाच नेक अजून चौकोनी असतानाच राउटरने (खाचा कोरायच्या यंत्राने) मार. एकदा मागची गोलाई काढलीस की सरळ धरायला कड उरत नाही.

फ्रेटच्या खाचांकडे लक्ष दे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर चुकला तर वादक पडदा सरकवतो. गिटारीचा फ्रेट एकदा बसला की बसला. 648 मिलिमीटर स्केल, म्हणजे नट (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी) ते ब्रिज ही तारेची लांबी, धर. पहिला फ्रेट नटपासून 36.37 वर, दुसरा 70.70, तिसरा 103.10, पाचवा 162.55, सातवा 215.51, बारावा बरोबर मध्यावर 324, बाविसावा 466.16. सूत्र सोपं आहे: उरलेल्या लांबीला दर वेळी 17.817 ने भाग. पण आखताना प्रत्येक माप नटपासूनच घे. एका फ्रेटपासून पुढचा असं मोजत गेलास तर दर वेळची पाव मिलिमीटरची चूक साठत जाते आणि दहाव्या फ्रेटच्या पुढे गिटार बेसूर होते. पेन्सिल नको, धारदार सुरीने रेघ मार. नेहमीच्या करवतीची खाच फार रुंद पडते. फ्रेटला साधारण 0.58 मिलिमीटरची लागते. त्यासाठी फ्रेटची वेगळी करवत येते, ती घेच. या कामात पैसे वाचवायची ती जागा नाही. खाचा फ्रेटबोर्ड सपाट आणि सुटा असताना मारायच्या, गोलाई आणि चिकटवणं नंतर.

मागची गोलाई मी कानस आणि पटाशीनेच काढतो. पहिल्या फ्रेटपाशी 21 मिलिमीटर, बाराव्यापाशी 23. शेवटी डोळे मिटून हात फिरव; डोळ्याला न दिसणारा उंचवटा अंगठ्याला कळतो. हेडस्टॉक, म्हणजे ट्यूनर बसतात तो नेकचा शेंडा, पहिल्या वेळी सरळच ठेव. मागे झुकलेल्या हेडस्टॉकला तिरपा सांधा द्यावा लागतो, तो पुढच्या गिटारीला.

बॉडीचा बाहेरचा आकार बाल्कनीत जिगसॉने कापत बसू नकोस. 45 मिलिमीटर सागवानात पातं तिरकं जातं आणि शेजाऱ्यांना त्रास होतो. ओळखीच्या सुताराकडे बँडसॉवर दहा मिनिटांत होतं. पोकळ्यांसाठी एमडीएफचा साचा कर आणि राउटर एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा खोल घालू नकोस. सागवानात सिलिका असते, ती धार खाते. कार्बाइडचेच बिट घे. नेकची खोबण अशी घट्ट हवी की स्क्रू न लावता नेक धरून उचललं तर बॉडी लटकत यावी. ब्रिजची भोकं सगळ्यात शेवटी. नेक बसवून नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून शिवणकामाचे दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणून बांध आणि ते फ्रेटबोर्डच्या कडांपासून दोन्हीकडे सारखे आहेत का बघ. ब्रिज एक मिलिमीटर सरकवला की दोरे किती बदलतात ते तुझं तुलाच दिसेल. जुळले की मगच ड्रिल हातात घे.

एक गोष्ट मनापासून सांगतो: मास्क. एन95, चांगला घट्ट बसणारा, कापताना आणि पॉलिश पेपर मारताना दोन्ही वेळी. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारणीभूत ठरते हे सिद्ध झालेलं आहे, आणि शिसवाच्या भुशाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं. माझ्या मनगटांवर आजही उठतं, म्हणून मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो आणि काम झालं की आधी अंघोळ. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर फ्लॅटमध्ये पॉलिश पेपर मारूच नकोस, गच्चीवर जा.

वायरिंगचं फार सांगत नाही. हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) 500 के चे पॉट (आवाज-टोन कमीजास्त करायच्या फिरक्या), सिंगल कॉइलला 250 के, पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी आणि ब्रिजला ग्राउंडची तार. ती विसरलास तर गुणगुण येईल.

पॉलिशसाठी लाखेचं पॉलिश घे. शिसव आणि इतर तेलकट लाकडांवर तेलाचं व्हार्निश कधीकधी आठवडाभर चिकटच राहतं, लाख मात्र धरते. फक्त दमट दिवशी लावू नकोस, पांढुरकी झाक येते. जानेवारीची कोरडी दुपार सगळ्यात चांगली. मागच्या बाजूला जवसाचं तेल लावायचं ठरवलंस तर तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. ते आपोआप तापून पेट घेतं. पाण्यात बुडवायचं किंवा उघड्यावर सपाट पसरून वाळवायचं.

बॉडीच्या पुढच्या बाजूला खिळ्याचं एखादं भोक आलं तर फळी उलटी करून ते लपवू नकोस. काळ्या कडेसकट राहू दे, फक्त आत शिसवाची गोल खुंटी इपॉक्सीने बसव. आजीला ती तुळई माजघरातली की ओसरीवरची ते विचारून पोकळीच्या झाकणाच्या आत लिहून ठेव.

वेळेचं म्हणशील तर दसऱ्यापर्यंत लाकूड आणि चित्र, दिवाळीच्या सुट्टीत बॉडी आणि नेक चिकटवणं, डिसेंबरमध्ये फ्रेट, जानेवारीत पॉलिश. गॅदरिंगच्या आधी दोन आठवडे हातात हवेत. तारा चढव, सुरात लाव आणि रात्रभर तशीच ठेव. सकाळी पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच तारेवर दाबून सातव्या फ्रेटपाशी फट बघ. दोन-अडीच दशांश मिलिमीटर, साधारण जाड व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा घट्ट कर आणि परत एक रात्र थांब. मे महिन्यात तळहात कडेने फिरव. कुठे टोक लागलंच तर बारीक कानस घेऊन ये, आपण बसून काढू.